पंचावन्न किलोच्या आत

त्या दोन महिन्यांत आमच्या घरी सर्वांत जास्त चर्चा झाली ती माझ्या लघवीच्या रंगाची. तात्या रोज सकाळी आमच्या चाळीच्या पायरीला सायकल टेकवून, आत न येता दारातूनच विचारायचे, "सदू, आज कशी?" आणि मी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेला, वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायचो, "पिवळी." तात्यांचा चेहरा पडायचा. पिवळी म्हणजे अंगात अजून पाणी आहे. कोऱ्या चहासारखी झाली की वजन उतरतंय असं त्यांचं शास्त्र होतं. शेवटच्या आठवड्यात ती तशी झाली तेव्हा तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि माझ्या शाळेच्या शेवटच्या निकालाला नुसती मान हलवणाऱ्या बाबांनी ही बातमी शेजारच्या खोलीत जाऊन सांगितली.

आमच्या भागात तेव्हा कबड्डीच्या स्पर्धा वजनी गटात होत. पंचावन्न किलोच्या आतल्या सात जणांचा संघ. मूळ कल्पना चांगली होती. किरकोळ अंगाच्या पोरांनाही खेळता यावं. पण चांगली कल्पना पुरुषांच्या मंडळाच्या हाती लागली की तिचं काय होतं ते मी आयुष्यभर पाहत आलो आहे. किरकोळ पोरं घरीच राहिली, आणि साठ किलोच्या दांडग्यांना सुकवून पंचावन्नात बसवायची एक कला तयार झाली. आमच्या अंबरनाथमधले त्या कलेचे आचार्य म्हणजे तात्या. मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि प्रशिक्षक तेच. गळ्यातली शिट्टी जेवतानाही काढत नसत. त्यांना स्वतःला खेळताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं. विचारलं की ते उजव्या पायाचा घोटा दाखवत आणि एका थोर सामन्याची हकिकत सांगत. सामन्याचं गाव दर वेळी बदलायचं. एकदा घोटाही बदलला.

बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. कारखान्याचा भोंगा झाला की आमची चाळ उठायची, भोंगा झाला की जेवायची, आणि त्या दिवशी कारखान्यात कोणता रंग शिजला ते मागच्या गटारात बघून कळायचं. बाबांचं सगळं आयुष्य काट्यांवर नजर ठेवण्यात गेलं. दाबाचा काटा, पाण्याची नळी, पुन्हा दाबाचा काटा. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस नव्हते, भट्टीच्या तोंडाशी जळून गेलेले. आपल्या पोराने भोंग्यावर उठू नये एवढंच त्यांचं मागणं होतं. जिल्ह्याच्या संघात निवड झाली की सरकारी ऑफिसात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते, असं तात्यांनी त्यांना सांगितलं होतं, आणि तात्यांनी सांगितलेल्यांपैकी ही एक गोष्ट खरी होती. आमच्याच चाळीतला एक जण तसा लागला होता आणि इस्त्रीची पँट घालून साडेनऊला आरामात निघायचा. बदलापूरच्या स्पर्धेला निवड समितीचे दोघे येणार होते. मी एकोणसाठ किलोचा होतो. म्हणजे माझ्यात आणि इस्त्रीच्या पँटमध्ये चार किलोंचं अंतर होतं.

ते चार किलो आधी ताटातून गेले. सकाळी मूठभर भिजवलेले चणे, दुपारी अर्धी भाकरी आणि मीठ नसलेली भाजी, रात्री काही नाही. आमचं घर दहा बाय बाराचं. त्यात न जेवणाऱ्या माणसाने बसायचं कुठे? आई चुलीवर सुका बांगडा भाजायची तेव्हा तो वास पत्र्यापर्यंत जाऊन पुन्हा खाली यायचा आणि माझ्यावर बसायचा. वांग्यात सुक्या कोलंबीचे सोडे, तांदळाची भाकरी, बाजूला कुळथाची पिठी. मी भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचायचो, आणि त्या काळात वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांतली मला आज फक्त जेवणं आठवतात. धाकटी बहीण सुमी मुद्दाम माझ्याजवळ येऊन बोटं चाटायची.

"दादा, एक सोडा देऊ? छोटा. त्याचं वजन नसतं."

"सुमे, तिकडे हो."

"अगो, नको त्याला छळू," आई म्हणायची. "त्याचा उपास आहे. कुठल्या देवाचा ते त्या तात्याला विचार." मग बाबांकडे न बघता, तव्याला उद्देशून, "गावाला असताना खायला नव्हतं म्हणून पोर रडायचा. आता टोपात आहे तर ह्यांनी कुलूप लावलंय. मेल्यांनो, बाईने पोर दोन महिने उपाशी ठेवलं असतं तर चाळ गोळा झाली असती."

बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "तुला खेळातलं कळत नाही."

"नाही कळत. मला पोरातलं कळतं."

ताटातून जेवढं जायचं तेवढं गेलं. उरलेलं घामातून काढायचं होतं. त्यासाठी तात्यांनी मला उल्हासनगरच्या बाजारात प्लास्टिकचा रेनकोट आणायला पाठवलं. भर मार्चमध्ये. दुकानदार सिंधी होता, पोट काउंटरवर ठेवून बसलेला. मी कोट उलटसुलट करून शिवण बघायला लागलो तसा तो हसला. "साईं, शिलाई मत देखो. बारिश में ये किसी काम का नहीं, पानी सीधा अंदर आता है. तुम कबड्डीवाले हो ना? पसीना बाहर नहीं जाने देगा, उसकी गॅरंटी." त्याने मला आणि माझ्या गालफडांना नीट बघून घेतलं, आणि मग आतल्या मुलाला माझ्यासाठी एक पापड भाजायला सांगितला. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "पापड का भी वजन होता है क्या?" मी तेव्हा त्याला अडाणी समजलो. त्या दोन महिन्यांत भेटलेल्या पुरुषांपैकी तोच एक शहाणा होता, हे समजायला पुढे बरीच वर्षं लागली.

तो कोट घालून मी बॉयलरसमोर बसायचो. बाबांची दुपारची पाळी असली की मागच्या गेटने मला आत घ्यायचे. कोळशाचा ढीग, लोखंडी दार उघडलं की तोंडावर येणारा जाळ, आणि वाफेचा एकसारखा फुत्कार. बाबा दर पंधरा मिनिटांनी काट्याकडे बघत आणि त्याच नजरेने माझ्याकडे. कोटाच्या बाह्यांतून घाम मनगटावर उतरायचा आणि खालच्या कोळशाच्या भुकटीत त्याचे थेंब दिसायचे. मग ते मला उठवून कोट सोडवत आणि मशीन पुसायच्या सुती बोळ्यांनी माझी पाठ, मान, काखा पुसून काढत. लहानपणानंतर बाबांनी मला असा हात कधी लावला नव्हता. हे लिहिताना मला ओकारी येते आणि रडूही येतं, आणि या वयात दोन्ही एकाच वेळी आवरणं अवघड आहे. पुसून झालं की मी कोळशाच्या काट्यावर उभा राहायचो. शेवटच्या दिवशी बाबांनी दांडीवरचं वजन बोटाने सरकवलं, खाली वाकून डोळा दांडीच्या रेषेत आणला आणि म्हणाले, "पावणेपंचावन्न." त्यांचा आवाज ऐकून भट्टीत कोळसा टाकणारा खलाशीही फावडं ठेवून बघायला आला.

मी आता बदलापूरला राहतो. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी व्यायामशाळा झाली. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांना धावपट्ट्यावर उभं करून फोटो काढले. यंत्र बंदच होतं, पण त्यांनी एक पाय उचलून धरला होता. आता त्या आरशांसमोर पोरं दंड फुगवून स्वतःकडे बघत असतात आणि खाली उतरून दोनशे पावलांवरच्या दुकानाला मोटारसायकलने जातात. समोरच्या बागेत माझ्या वयाचे पुरुष रोज सकाळी गोलात उभे राहून, हात वर करून, शिट्टी वाजली की हसतात. मला दोनदा बोलावून गेले. शिट्टीवर हसणारे पुरुष मी पोटभर पाहिलेले आहेत, असं त्यांना सांगता येत नाही. मी गुडघ्याचं कारण देतो.

स्पर्धा बदलापूरला एका शाळेच्या मैदानावर होती. वजनं नऊ वाजता घ्यायची होती. पण काट्याचं पूजन प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि प्रमुख पाहुणे म्हणजे तालुक्यातले एक बडे पुढारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. ते साडेअकराला आले. तोवर आम्ही खेळाडू उन्हात रांगेत बसून होतो आणि मला पाणी बंद होऊन दीड दिवस झाला होता. माझी जीभ तोंडात दुसऱ्या कुणाची तरी ठेवल्यासारखी वाटत होती. स्टेजवर पांढऱ्या कापडाखाली थंड पाण्याचे ग्लास मांडलेले होते, त्यांवर जाळीची झाकणं होती, आणि मी त्या झाकणांच्या कडेचे मणी मोजत होतो.

काटा रेशनच्या दुकानातून आणलेला. खाली लोखंडी फळी, मागे खांब, वर दांडी. साहेबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला आणि दोन्ही वाट्या फळीच्या कोपऱ्यात ठेवल्या. झेंडूचा मनगटाएवढा जाड हार खांबाला घातला. तो इतका लांब होता की निम्मा फळीवर वेटोळं घालून बसला. टाळ्या झाल्या. माझ्या आधीचे सगळे दोन-दोन किलोंनी आत होते, ते चढले आणि उतरले. मी चढलो. पंचाने वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, आणि म्हणाला, "तीनशे ग्रॅम जास्त."

मी खाली बघितलं. माझ्या अंगठ्याला झेंडू लागत होता. "हार," मी म्हणालो. आवाज फुटला नाही. पण गर्दीत उभ्या असलेल्या बाबांनी माझ्याआधीच पाहिलं होतं. ज्या माणसाला दाबाचा काटा एका रेषेने हलला तर झोपेत कळायचं, त्याला हे कळणार नाही कसं? ते पुढे येऊन हळू म्हणाले, "तात्या, हार टेकलाय फळीवर. नि नारळ पण आहे. तेवढं काढा, पोर आत आहे माझा."

तात्यांनी स्टेजकडे पाहिलं. साहेब समोरच बसले होते, काजू खात.

"गोविंदराव, साहेबांच्या हातचा हार आहे."

"पुन्हा घाला ना नंतर."

"पूजा मांडल्यावर मोडतात का? त्यांच्या डोळ्यांदेखत?" मग तात्या जवळ सरकले. "निवडीवाले कोणाच्या गाडीतून आलेत ते बघितलंत ना? पोराचं नुकसान करू नका. अर्धा तास आहे. पळेल, उतरेल."

बाबांनी हाराकडे पाहिलं, स्टेजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "बरं."

मी कोट घालून मैदानाभोवती पळालो. तात्या सायकलवरून बाजूने येत होते आणि थुंकायला सांगत होते. थुंकायला काही नव्हतं. लिंबू चोखायला दिलं. त्याने फाटलेले ओठ चरचरले आणि बाकी काही झालं नाही. अर्ध्या तासाने कोट काढून मी पुन्हा चढलो तेव्हा दांडी अजून केसभर वर होती. मग कोणीतरी म्हणालं, कपडे काढा. चौघांनी स्टेजवरच्या गादीची चादर आणून माझ्याभोवती धरली. चौघांतला एक कोपरा बाबांच्या हातात होता. मी बनियन काढला, चड्डी काढली, लंगोट काढला. चादर खांद्याइतकी उंच होती आणि मैदान उताराचं होतं, त्यामुळे वरच्या बाजूच्या लोकांना जे दिसायचं ते दिसत होतं.

"तीनशे ग्रॅम कुठले ते आता कळलं."

"कळलं कसलं? काही दिसत नाही मला तर."

"सुकलं असेल. दोन महिने पाणी नाही मारलं."

खेळाडू हसले, पंच हसले, निवड समितीचे दोघे हसले. साहेबांनी शेजाऱ्याला काय चाललंय ते विचारलं आणि कळल्यावर तेही हसले, मग सगळे आणखी मोठ्याने हसले. दांडी समतोल झाली. टाळ्या पडल्या. काट्यावरचा हार पुरता ताजा होता, कारण त्याच्यावर मधूनमधून कुणीतरी पाणी शिंपडत होतं.

कबड्डीत सगळा खेळ दमाचा. मध्यरेषा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत एका श्वासात, न थांबता ते एकच नाव घेत राहायचं. ते घ्यायला तोंडात ओल लागते, ही साधी गोष्ट तात्यांच्या शास्त्रात बसली नव्हती. सामन्याची पहिली चढाई माझी होती. दोन महिने मी त्या चढाईची स्वप्नं पाहिली होती. मी रेषा ओलांडली, तीन-चार वेळा शब्द नीट आला, आणि मग जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. घशातून नुसता खरखर आवाज आला. "दम गेला," पंच ओरडला. समोरच्यांना मला पकडायचीही गरज पडली नाही. त्यांतल्या एकाने माझा दंड धरून मला रेषेपाशी आणून सोडलं, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं. आमच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "काय रे, दमच नाही ह्याच्यात." बोलणारे तात्या होते.

मी मैदानाबाहेर गेलो ते थेट मंडपामागच्या पिंपापाशी. तिथे वाटी-पेला काही नव्हतं. मी डोकं आत घातलं आणि प्यायलो, प्यायलो, आणि सगळं तिथेच ओकलो, मंडपवाल्याने गुंडाळून ठेवलेल्या लाल सतरंज्यांवर. त्या वेळी पलीकडे माइकवर साहेबांचं भाषण चालू होतं. तरुणांनी मातीशी नातं जोडावं, घाम गाळावा, आपला मराठी खेळ जपावा. घामावर ते बराच वेळ बोलले. ते बोलून थांबले की टाळ्या, आणि टाळ्या थांबल्या की माझं ओकणं ऐकू येत होतं. मागून एक हात आला आणि त्याने माझं कपाळ धरलं. बाबा होते.

घरी आल्यावर पोटऱ्यांत गोळे येत राहिले. आईने तांदळाची पेज केली, मीठ घालून, आणि चमच्याने भरवली, एक चमचा झाला की थांबून, पोटात राहतोय का बघून पुढचा. सुमी वाटी धरून बसली. लघवीला आता रक्त येत होतं, आणि त्या रंगाबद्दल मात्र चाळीत कोणी चर्चा केली नाही.

चौथ्या दिवशी तात्या आले. या वेळी आत आले. हातात केळ्यांचा फणा होता. "झालं गेलं," ते म्हणाले. "निवडीवाल्यांना पोराची जिद्द आवडली. पुढच्या हंगामात बघू म्हणालेत. तोवर खाऊ दे त्याला, मग आपण दोन महिने आधी सुरू करू."

आईने केळी उचलून दाराबाहेर पायरीवर ठेवली. बाबा खाटेच्या कडेवर बसले होते. नुकतेच पाळीवरून आलेले, नखांत कोळसा. हातांकडे बघत ते म्हणाले, "तात्या, तो नाही येणार. मी घेतो त्याला बॉयलरवर. मुकादमाशी बोलतो."

हे वाक्य त्यांना किती जड गेलं असेल ते मला आज समजतं. आयुष्यात एकच गोष्ट मागितलेली, ती त्यांनी माझ्यासाठी सोडून दिली. तेव्हा मला एवढंच कळलं की सगळ्या मैदानात मला नागडं धरणाऱ्यांतला एक माणूस आता मला बॉयलरवर नेऊ बघतोय.

"येतो," मी तात्यांना म्हणालो. बाबांकडे बघूनच म्हणालो.

मी आणखी तीन वर्षं खेळलो. जिल्ह्याच्या संघात गेलो, नोकरी लागली, पँटला इस्त्री आली. खेळाडू म्हणून घेतलेल्या माणसाला ऑफिसात फारसं काम देत नाहीत, त्यामुळे वाचन भरपूर झालं. या प्रकरणात मी तात्यांना, साहेबांना, चादर धरणाऱ्यांना हवं ते म्हणून घेतलं आहे, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण एक गोष्ट राहिली, ती कोणालाच माहीत नाही, बायकोलाही नाही.

पुढच्या हंगामात सोनिवलीचा एक नवा गडी आमच्या संघात आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, लग्न झालेला, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. वजनाच्या दिवशी सकाळी मी शाळेच्या मागच्या बाजूला गेलो तर तो नळाशी वाकून ओंजळीने पाणी पीत होता. लक्ष ठेवायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. मी गेलो आणि नळ बंद केला. त्याच्या ओंजळीत घोटभर पाणी होतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे, आणि मग त्याने ओंजळ सोडली. मला त्या वेळी फार बरं वाटलं.